ई-टाइपचे घोडे मोजायचे तर

मागच्या मे महिन्यात आमच्या गल्लीतले आजोबा डायनोवरचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, एक कागद नाचवत दारात आले. "244!" त्यांच्याकडे 1966 सालची जॅग्वार ई-टाइप आहे, 4.2 लिटरची, बंद टपाची. कंपनीने तेव्हा जाहीर केलेला आकडा 265 घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर. साठ वर्षांत फक्त 21 घोडे गेले म्हणून स्वारी भलतीच खूश. मी कागद उलटसुलट करून पाहिला. हवेचं तापमान नाही, दाब नाही, हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा आलेख नाही. तळाला बारीक अक्षरात एवढंच, की आकडा फ्लायव्हीलचा, म्हणजे चाकांवरचा नव्हे तर इंजिनाच्या टोकाचा, आहे आणि वाटेतला लॉस 30 टक्के धरलाय.

मी कॉव्हेंट्रीला राहते. ही गाडी जिथे जन्मली तो ब्राऊन्स लेनचा कारखाना याच गावात होता. तिथलं गाड्यांचं उत्पादन 2005 साली थांबलं. त्याआधी मी पिंपरीतल्या एका कारखान्यात टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन चाचणीच्या चौथऱ्यावर, नऊ वर्षं काढली. तिथे आम्हाला शिकवणारे फोरमन काका कुणीही आकडा सांगितला की चष्म्यावरून बघत एवढंच म्हणायचे, "आकडा राहू दे, अटी सांग." आजोबांच्या कागदावर आकडा होता, अटी नव्हत्या. म्हणून म्हटलं, परत मोजू. त्या एका शनिवारात जे जे केलं ते इथे लिहिते. तुमच्याकडे ई-टाइप नसेल, जुनी पोर्शे किंवा डॅटसन झेड असेल, तरी नव्वद टक्के गोष्टी तशाच लागू होतात.

आधी 265चं भूत उतरवा

जुन्या माहितीपत्रकातला आकडा आणि आजच्या डायनोचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1960च्या दशकात जॅग्वार देत होती तो आकडा "ग्रॉस" होता. म्हणजे इंजिन गाडीबाहेर बेडवर ठेवलेलं. पंखा, डायनॅमो, एअर फिल्टर, गाडीचा सायलेन्सर यांचं ओझं नाही, मिश्रण आणि टायमिंग त्या दिवसापुरतं अगदी जमवून घेतलेलं. अमेरिकन कंपन्यांनी 1972च्या सुमारास ही पद्धत सोडून "नेट" आकडे द्यायला सुरुवात केली, तेव्हा तीच इंजिनं एका वर्षात कागदावर अशक्त झाली. इंजिनाला काहीच झालेलं नव्हतं.

त्यात एककांचा घोळ वेगळा. ब्रिटिश हॉर्सपॉवर म्हणजे 745.7 वॅट, जर्मन पीएस म्हणजे 735.5 वॅट. फरक दीड टक्क्याच्या आत, पण 200च्या आकड्यात तीन घोडे इकडचे तिकडे होतात. प्रिंट घेताना कुठलं एकक आहे ते विचारा.

आणि हे लक्षात असू द्या, की डायनो हॉर्सपॉवर मोजतच नाही. तो पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, आणि वेग मोजतो. हॉर्सपॉवर हा गुणाकार आहे. पाउंड-फुटातला टॉर्क गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे), भागिले 5252. म्हणून कुठल्याही खऱ्या आलेखात टॉर्कची आणि हॉर्सपॉवरची रेषा 5252 आरपीएमवर एकमेकींना छेदतात. दोन्ही रेषा एकाच मोजपट्टीवर असून तिथे छेदत नसतील, तर सरळ कागद परत करा.

डायनो कुठला

ढोबळ दोन जाती. एकात चाकांखाली जड ढोल असतो, त्याचं वजन माहीत असतं; तुमची गाडी त्याला किती झपाट्याने पळवते यावरून ताकद काढतात. दुसऱ्यात रोलरला विद्युत-चुंबकीय ब्रेक असतो, त्यामुळे ऑपरेटर गाडीला 3000 आरपीएमवर हवा तितका वेळ धरून ठेवू शकतो. तीन कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर मी डोळे मिटून दुसरा घेईन. ढोलावर दहा सेकंदांत खेळ खलास. मिश्रण कुठे बिघडतंय ते थांबून बघता येत नाही.

तिसरी जात हब डायनो, चाक काढून थेट हबला जोडायचा. उत्तम यंत्र, पण ई-टाइपच्या तारेच्या चाकांना नटबोल्ट नसतात. हबवर दात्यांची खाच आणि वर मधोमध हातोड्याने ठोकून आवळायचा एकच मोठा स्पिनर. त्याला बसणारा ॲडॅप्टर डायनोवाल्यांकडे आहे का ते फोनवरच विचारा. नसेल तर सकाळ फुकट.

रोलरचा व्यासही बघा. लहान दुहेरी रोलर टायरला दोन ठिकाणी चिमटा काढतात, टायर तापतो, आणि तापलेला टायर ताकद खातो. मोठा एकेरी रोलर जुन्या टायरला मानवतो.

गाडी नेण्याआधी

टायरचं गणित घरीच करा. बहुतेक ऑपरेटर ज्या गियरचं प्रमाण 1:1 असतं त्यात रन, म्हणजे मोजणीची धाव, घेतात. ई-टाइपमध्ये तो चौथा. ब्रिटनमध्ये विकलेल्या 4.2ला मागचा डिफरन्शियल 3.07चा, म्हणजे चौथ्यात इंजिनाच्या 3.07 फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. टायरचा घेर 2.07 मीटर धरला तर 5400 आरपीएमला चाक ताशी 218 किलोमीटरने फिरतं. गाडी जागेवर, पण टायरला ते कळत नाही! एच दर्जाचा टायर 210 किलोमीटरपर्यंतच असतो. आजोबांच्या गाडीला व्ही होते, म्हणजे 240पर्यंत. तुमचे एच असतील तर तिसऱ्या गियरमध्ये मोजा आणि नंतर कायम तिसऱ्यातच मोजा. अमेरिकेला गेलेल्या गाड्यांना 3.54 असायचा, त्यांचा वेग 189वर थांबतो. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, आठवडा आणि वर्ष. दहा वर्षांपुढचा टायर असेल तर रोलरवर चढूच नका, खाचा कितीही नव्या दिसू देत.

तारेची चाकं असतील तर प्रत्येक तार पेन्सिलने वाजवा. सगळ्या साधारण एका सुरात वाजल्या पाहिजेत. जी "थप्प" बोलते ती सैल. मग गाडी गियरमध्ये ठेवून चाक पुढेमागे हलवा. हबच्या दात्यांतून "टक" असा आवाज आला तर ते झिजलेत. डायनोवर एकदा पूर्ण जोर आणि लगेच पूर्ण सुटका असं होत राहतं. झिजलेल्या दात्यांचे हाल तिथेच होतात.

पेट्रोल एकाच पंपाचं, एकाच जातीचं, टाकी अर्धी. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021पासून साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, महागड्या सुपरमध्ये 5पर्यंत. भारतात तर आता 20 टक्क्यांचं पेट्रोल पंपापंपावर आहे. इथेनॉल वाढलं की त्याच कार्ब्युरेटर सेटिंगवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. म्हणून डायनोच्या पडद्यावर 14.7, 12.8 असे हवा-इंधनाचे आकडे बघत बसू नका, ऑपरेटरला लॅम्डा लावायला सांगा. लॅम्डा 1 म्हणजे त्या पेट्रोलसाठी अचूक हिशोब, मग त्यात इथेनॉल किती का असेना; आकडा जितका लहान तितकं पेट्रोल जास्त.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, जिला एक पैसा लागत नाही. इंजिन बंद. एकाने आत बसून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, दुसऱ्याने बॉनेट उघडून कार्ब्युरेटरचे फ्लॅप पूर्ण आडवे झाले का ते बोटाने ढकलून बघायचं. बोटाने आणखी फिरले तर तुमची गाडी आजवर कधीच पूर्ण ताकदीने पळालेली नाही. हे मला नंतर सुचलं, त्याची कथा पुढे.

बाकी नेहमीचं. तेलाची पातळी, पट्टा, पाण्याचे पाइप. कार्ब्युरेटरच्या वरच्या डॅशपॉटमध्ये (पिस्टनला आवरणाऱ्या नळीत) तेल. या गाडीच्या एसयू जातीच्या कार्ब्युरेटरमध्ये हे तेल कमी असेल तर पाय दाबल्याबरोबर पिस्टन फटकन वर उडतो, मिश्रण क्षणभर पातळ होतं, आणि रनच्या सुरुवातीला आलेखात एक खड्डा पडतो. लोक तो खड्डा इग्निशनमध्ये शोधत बसतात.

बांधणं

इथे घाई नको. ई-टाइपचा पुढचा भाग पातळ चौकोनी नळ्यांच्या सांगाड्यावर आहे. त्या नळ्यांना पट्टा घालायचा नाही, ऑपरेटर कितीही म्हणो "काही होत नाही". पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. मागे आणखी एक गंमत आहे: या गाडीत मागच्या चाकाकडे जाणारा हाफ शाफ्ट हाच सस्पेन्शनचा वरचा दांडा आहे. म्हणजे वर जो दांडा दिसतो तो फिरतो. पूर्ण वेगाला मिनिटाला साडेसतराशे फेरे! पट्टा खालच्या विशबोनला (न फिरणाऱ्या दांड्याला), मऊ फास घालून, शाफ्टपासून चार बोटं लांब. मी दोन्ही बाजूंनी हात घालून अंतर मोजलं, मगच आजोबांना उतरायला सांगितलं. पट्टा फार आवळला तर टायर रोलरवर जास्त दाबला जातो आणि तीनचार घोडे तिथेच जिरतात. म्हणून पट्ट्याचे दात मोजून ठेवा. पुढच्या वेळी तेवढेच.

पंख्याच्या बाबतीत ई-टाइप हट्टी आहे. तोंड लहान, आणि अख्खं नाकच पुढे उलटणारं बॉनेट. बॉनेट बंद ठेवलं तर पंखा बरोबर त्या तोंडासमोर पाहिजे. उघडं ठेवलं तर इंजिनाला गार हवा मिळते, आकडा जरा चढतो. काही हरकत नाही, पण कागदावर "बॉनेट उघडं" लिहा आणि सगळे रन तसेच घ्या. आम्ही उघडं ठेवलं, कारण मला कार्ब्युरेटर बघायचे होते.

लॅम्डाची नळी एका सायलेन्सरमध्ये खुपसून मोकळे होऊ नका. या इंजिनाला एक्झॉस्टचे दोन मॅनिफोल्ड, मागे दोन शेपट्या. एक रन डाव्या शेपटीत, एक उजव्या. दोन्हींत मोठा फरक आला तर तीनपैकी एखादा कार्ब्युरेटर बाकीच्यांशी बोलत नाहीये.

जाता जाता: टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) लावताना जॅग्वारचा एक नंबरचा सिलिंडर सगळ्यात मागे, केबिनच्या भिंतीपाशी असतो. नवखा मेकॅनिक हमखास पुढच्या प्लगला चिमटा लावतो, तो असतो सहावा. गंमत अशी की फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-5-3-6-2-4 असल्याने एक आणि सहा बरोबर एका फेरीच्या अंतराने पेटतात, त्यामुळे खूण तीच दिसते आणि चूक पचून जाते. प्लगच्या वायरी अदलाबदल केल्या तर मात्र पचणार नाही.

रन

गाडी तिथवर चालवत न्या, ट्रेलरवर नको. पाण्याचा काटा पाच मिनिटांत चढतो, पण इंजिन ऑइलला वीस मिनिटं लागतात आणि डिफरन्शियलच्या तेलाला त्याहून जास्त. थंड डिफरन्शियलवर घेतलेला पहिला रन नेहमी कमी येतो. लोक मग काहीतरी फिरवतात, दुसरा रन चढतो, आणि श्रेय त्या फिरवण्याला जातं. म्हणून पहिले दोन रन फेकून द्यायचे. प्रत्येक रन सुरू करताना पाणी त्याच तापमानाला हवं. आम्ही 80 ठरवलं होतं.

2000वर स्थिर धरा, मग पाय पूर्ण. पहिल्यांदा 4500ला सोडा, आलेख बघा, ऑइल प्रेशर बघा. या इंजिनात गरम झाल्यावर 3000 आरपीएमला 40 पीएसआयच्या आसपास हवं. मिश्रण आणि आवाज ठीक असेल तरच पुढच्या वेळी 5500. एक माणूस फक्त कान देऊन उभा राहू दे. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला की लगेच पाय वर. तो नॉकिंगचा आवाज, आणि नॉकिंग म्हणजे पिस्टनवर हातोडा.

आमचा पहिला जमेतला रन: चाकांवर 164. आजोबांचा चेहरा पडला. मी लॅम्डाची रेषा बघत होते. 4000पर्यंत 0.88, अगदी गोड. पूर्ण ताकदीला 0.86 ते 0.90च्या आत असलेलं चांगलं. पण 4500नंतर रेषा वर सरकायला लागली, 0.93, 0.96. वर पेट्रोल कमी पडत होतं.

ऑपरेटर म्हणाला जेटची सुई (पेट्रोल किती सुटतं ते ठरवणारी) बदलू. मी म्हटलं थांबा जरा, आधी फ्लॅप बघू. आजोबा आत बसले, पाय दाबला. मी मागच्या कार्ब्युरेटरच्या फ्लॅपला बोट लावलं तर तो आणखी चांगला बोटभर फिरला. पायाखाली नवा जाडजूड गालिचा! हौसेने हिवाळ्यात टाकलेला. पेडल गालिच्यावर टेकत होतं, कार्ब्युरेटर पूर्ण उघडत नव्हते. गालिचा काढला: 173. नऊ घोडे गालिच्याने अडवले होते, आणि ही तपासणी घरी न केल्याबद्दल मी स्वतःला चार शब्द सुनावले.

फ्लॅप उघडल्यावर वरचं मिश्रण आणखी पातळ झालं, 0.98. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच. तेव्हा खरी शंका पेट्रोलच्या वाटेवर गेली. इंजिनशेजारी काचेच्या वाटीचा फिल्टर असतो. वाटी सोडवली तर तळाला चहाच्या गाळासारखा तपकिरी थर आणि जाळी अर्धी बंद. साफ करून नवी जाळी टाकली. 182. लॅम्डा शेवटपर्यंत 0.89. सुईला कुणी हात लावला नाही.

टायमिंगही, म्हणजे ठिणगीची वेळही, करून पाहिलं. पद्धत साधी आहे: एकेक डिग्री पुढे न्यायची, आकडा वाढायचा थांबला की दोन डिग्री मागे येऊन घट्ट करायचं. आम्हाला एक घोडा मिळाला. एक घोडा म्हणजे काहीच नाही. काही न बदलता लागोपाठ तीन रन घेतले तरी एवढा फरक पडतो. तुमच्या डायनोवर तो फरक किती पडतो ते आधी बघून ठेवा. त्याहून लहान सुधारणेचं पेढ्यांचं वाटप करू नका.

हवेची दुरुस्ती आणि फ्लायव्हीलचा आकडा

गार, दाट हवेत इंजिन जास्त ताकद देतं, म्हणून डायनो आकड्याला एका ठरावीक हवेवर आणतो. कुठल्या हवेवर, ते प्रमाणावर अवलंबून. एसएई जे1349 हे अमेरिकन प्रमाण 25 अंश आणि 990 मिलिबार कोरड्या हवेवर चालतं. जुनं अमेरिकन "एसटीडी" 15.5 अंशांच्या दाट हवेवर, त्यामुळे तोच रन एसटीडीत सुमारे 4 टक्क्यांनी जास्त दिसतो. दुकानदाराला कुठलं आवडतं हे सांगायला नको.

त्या शनिवारी इथे 12 अंश होते, दाब 1010. जे1349ने आमचा आकडा जवळपास 4 टक्क्यांनी खाली ओढला. हीच गाडी पुण्यात, 560 मीटर उंचीवर, 32 अंशांत मोजली असती तर तोच हिशोब 9 टक्के वर घालतो. म्हणून हवेचा सेन्सर कुठे लटकवलाय ते बघा. एका ठिकाणी तो मला रेडिएटरच्या पंख्याच्या झोतात सापडला होता; यंत्राला वाटत होतं आपण राजस्थानात आहोत, आणि ते उदार मनाने घोडे वाटत होतं.

आता चाकांवरून फ्लायव्हील. सरसकट 15 टक्के, 20 टक्के, 30 टक्के असे लॉस धरणं ही थाप आहे. टायर, डिफरन्शियल, गियरबॉक्स यांचा खर्च इंजिनाच्या ताकदीच्या ठरावीक टक्क्यात वाढत नाही. मोजायचंच असेल तर रनच्या शेवटी क्लच दाबून गाडी रोलरवर आपोआप मंदावू द्या. ती किती झपाट्याने मंदावते यावरून यंत्र खर्च काढतं. बिनओझ्याचा खर्च असल्याने तोही अंदाजच, पण मोजलेला. आमचा आला 33. म्हणजे 182 अधिक 33, 215.

मग आजोबांच्या जुन्या कागदाचं कोडं सुटलं. 164वर एसटीडीचे 4 टक्के चढवा, 171 होतात. तो आकडा "30 टक्के लॉस गेल्यानंतरचा" माना आणि 0.70ने भागा. 244! गालिचा होता, गाळ होता, आणि तरी 244. आज गाडी खरोखर 18 घोड्यांनी सुधारली होती आणि कागदावर 29 घोडे गमावून बसली होती.

"मग बाकीचे पन्नास कुठे गेले?" आजोबांनी 265मधून 215 वजा करून विचारलं. मी म्हटलं, ते गाडीत कधी बसलेच नव्हते. ते कारखान्यातल्या बेडवरच राहिले. यावर ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, गालिचा महाग होता.

घरी परतताना

शेवटच्या रननंतर लगेच इंजिन बंद करू नका. पंखा चालू, इंजिन मोकळं, दोन-तीन मिनिटं. तापलेल्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उकळतं आणि मग गाडी रोलरवरून उतरायचं नाव घेत नाही. पट्टे काढल्यावर स्पिनर तांब्याच्या हातोड्याने परत ठोकून बघा. आमचा डावीकडचा पाव फेरा गेला.

प्रिंट मागताना दुरुस्ती न केलेला आकडा, दुरुस्तीचा गुणक, लॅम्डा आणि आरपीएम एकाच कागदावर मागा, शिवाय मूळ फाइल पेन ड्राइव्हवर. मागे पेनने लिहा: गियर, टायरमधली हवा, पट्ट्याचे दात, बॉनेट उघडं की बंद, पेट्रोल कुठलं, पंखा किती लांब. आजोबांच्या कागदामागे मी शेवटी आणखी एक ओळ घातली, "गालिचा: नाही". पुढच्या मे महिन्यात याच डायनोवर, याच अटींवर परत जायचं ठरलंय.